दहा बाय अकराच्या हॉलात टेनिस

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की हात हलवून, अंग हलवून खेळायचे व्हिडिओ गेम लहान घरातसुद्धा मस्त खेळता येतात, आणि त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की हा आख्खा कॉलम आज त्यालाच देतेय. जवळजवळ प्रत्येकाने आपल्या हॉलचं माप लिहून पाठवलंय ते एक फार बरं केलंत, कारण या बाबतीत सगळी गोष्ट मापावरच येऊन थांबते. मी स्वतः चौदा वर्षं गोव्यात फोंड्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काढली आणि २००९ साली माझ्या दिराने दुबईहून निन्टेंडो कंपनीचा वी, म्हणजे टीव्हीला जोडून रिमोट हलवत खेळायचं गेमचं मशीन, आणला तेव्हापासून आमच्या घरात हा खेळ चालू आहे, म्हणून जे सांगतेय ते सोफे सरकवून सरकवून शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, आम्ही कुर्टीला राहतो, हॉल दहा बाय अकरा. मेव्हणा चवथीला मस्कतहून येतोय, विचारतोय पोरांसाठी काय आणू. इकडे ऑफिसातला एक मित्र त्याचं जुनं गेमचं मशीन एक्सबॉक्स ३६०, कायनेक्टसकट, स्वस्तात देतोय. मिसेस म्हणते हॉलात आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे कुठे. काय करू?
— एक बाबा, फोंडा

दादा, आधी मेजरिंग टेप काढा, मग मेव्हण्याला फोन करा. भिंत ते भिंत माप घेऊ नका, त्याचा काही उपयोग नाही. टीव्हीच्या युनिटची पुढची कड आणि सोफ्याची पुढची कड यांच्यामध्ये किती फूट उरतात ते मोजा. तुमची लांब बाजू अकरा फूट, त्यातून टीव्ही युनिट दीड फूट आणि सोफा तीन फूट गेला की उरले साडेसहा. तुमचा खरा हॉल तेवढाच, साडेसहा फुटांचा.

आता यंत्रं दोन जातीची असतात हे लक्षात घ्या. एक जात तुम्हाला लांबून बघते आणि दुसरी जात तुमच्या हातात असते. कायनेक्ट, म्हणजे एक्सबॉक्सला जोडायचा कॅमेरा, पहिल्या जातीतला. २०१० च्या नोव्हेंबरात तो आला तेव्हा हातात काहीच न धरता खेळता येतं म्हणून लोक वेडे झाले होते. तो करतो काय, तर डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचे बारीक ठिपके सगळ्या खोलीत फेकतो आणि ते ठिपके तुमच्या अंगावर पडून कसे सरकतात त्यावरून तुमचा हात किती लांब, पाय किती लांब ते काढतो. कल्पना फार सुंदर आहे, पण त्याला तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत दिसायला पायजेत, आणि त्यासाठी एकट्याला साधारण सहा फूट आणि दोघांना आठ फूट अंतर लागतं. तुमच्याकडे साडेसहा आहेत. म्हणजे एक पोरगा सोफ्याला पोटऱ्या टेकवून कसाबसा खेळेल आणि दुसरा बाजूला बसून रडेल. शिवाय कायनेक्टची नजर आडवी ५७ अंश आणि उभी ४३ अंश, हिशोब केला तर सहा फुटांवर त्याला खालून वर जेमतेम पावणेपाच फुटांचाच पट्टा दिसतो, पोरं त्यात मावतील पण तुम्ही स्वतः उभे राहिलात तर पाय तरी कापले जातील नाहीतर डोकं तरी. आतली मोटर त्याचं तोंड वरखाली करते हे खरं, पण पट्टा तेवढाच राहतो. २०१३ साली एक्सबॉक्स वनबरोबर जो नवा कायनेक्ट आला तो जास्त रुंद बघायचा आणि त्याला साडेचार फूट पुरायचे, पण मित्र देतोय तो जुना आहे, आणि २०१७ मध्ये कंपनीने ते बनवायचंच बंद केलं त्यामुळे बिघडला की संपलं.

तरीपण मन त्यातच अडकलं असेल तर मित्राच्या घरी जाऊन बघू नका, एक संध्याकाळ ते सगळं सामान तुमच्या घरी आणून लावा. त्याच्या हॉलात छान चाललं म्हणून तुमच्या हॉलात चालेल असं नाही. आणि तुमची खिडकी पश्चिमेला असेल तर मुद्दाम पाच वाजता लावा, उन्हातपण इन्फ्रारेड असतं आणि सरळ ऊन आत आलं की त्याला स्वतःचे ठिपके दिसेनासे होतात. वहिनींना साडीत किंवा घोळदार गाऊनमध्ये खेळायला सांगून बघा, पाय कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं हे त्याला नीट कळत नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या हॉलाला दुसरी जात पायजे, हातात धरायची. २००६ साली वी आला तो याच जातीतला पहिला जो घराघरात गेला, जगभर दहा कोटींवर विकला गेला. त्याच्या रिमोटच्या पोटात अॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते, रिमोट किती झटक्याने आणि कुठल्या बाजूला हलला ते तिला कळतं, तुम्ही तीन फुटांवर आहात की आठ फुटांवर याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. २०१७ मध्ये त्याच कंपनीचा स्विच आला त्याच्या जॉय-कॉनमध्ये, म्हणजे हातात धरायच्या सुट्या कंट्रोलरमध्ये, गायरोस्कोपपण आहे, म्हणजे मनगट किती वळलं तेसुद्धा कळतं, आणि टीव्हीजवळ काही लावावं लागत नाही. मेव्हण्याला स्विच आणि त्यावरचा स्विच स्पोर्ट्स हा गेम आणायला सांगा. पण एक गोष्ट फोनवर दोनदा सांगा, स्विच लाइट आणू नको म्हणून. तो स्वस्त मिळतो म्हणून माणसं आखातातून घेऊन येतात आणि इथे आल्यावर कळतं की तो टीव्हीला जोडताच येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे पण होत नाहीत, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच नाही. २०२५ च्या जूनपासून स्विच २ पण आहे, बजेट असेल तर तो चालेल, फक्त व्यायामाची रिंग फिट घ्यायची असेल तर तिच्या रिंगमध्ये जुनेच जॉय-कॉन बसतात, नवे बसत नाहीत.

बजेट लहान असेल तर जुना वी घ्या, अजूनही मजा तीच आहे. तो घेताना डिस्क आणि मशीन एकाच भागातलं आहे ना बघा, अमेरिकेची डिस्क युरोपच्या मशीनवर चालत नाही. आणि तुमच्या टीव्हीला मागे लाल-पांढरी-पिवळी भोकं नसतील तर एचडीएमआयचा लहान कन्व्हर्टर लागेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो आणि तुमचा हात आधी फिरतो, पडद्यावरची रॅकेट मागाहून. पोरं म्हणतात रिमोट खराब आहे आणि रिमोट बिचारा ठीक असतो.

उभं कसं राहायचं ते पण सांगते कारण याबद्दल कोणी सांगत नाही. दोघंही उजवे असतील तर डावीकडे उभ्या असलेल्याचा रॅकेटचा हात उजवीकडच्याच्या कानशिलावर जातो, म्हणून उजवीकडच्याला दीड-दोन फूट पुढे उभं करा, एका ओळीत दोघांना कधीच नको. खेळायच्या आधी दोघांनी हात पसरून जागच्या जागी एक गिरकी घ्यायची, कशालाच हात लागला नाही तर सुरू करायचं. काचेचा टीपॉय आधी आत न्या, चादर घालून कोपऱ्यात ठेवू नका, आतच न्या.

आणि पंखा. आपल्याकडे फ्लॅटचं सीलिंग साधारण नऊ साडेनऊ फूट, त्यातून पंख्याचा दांडा खाली येऊन पाती आठ फुटांच्या आसपास फिरतात. साडेपाच फुटांच्या माणसाचा वर केलेला हात सात फुटांपर्यंत सहज जातो, हातात रिमोट आणि टेनिसचा स्मॅश मारताना अर्ध्या फुटाची उडी, करा हिशोब. मे महिन्यात पंखा बंद करून खेळवत नाही हे मला माहीत आहे, मग टेबल फॅन लावा, पण डोक्यावरचा बंद.

दोरी मनगटात अडकवल्याशिवाय कोणीही रिमोट उचलायचा नाही हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो नियम होण्यामागे कारण आहे. पहिल्याच वर्षी माझ्या भाच्याने दोरी न घालता बोलिंग केली, घामाने हात ओला होता, रिमोट सुटला आणि सरळ शोकेसच्या काचेत गेला. सासूबाईंच्या लग्नातला कपबशांचा सेट होता त्यात, सहातल्या दोन बश्या उरल्या. पोराला कोणी रागावलं नाही पण सासूबाई दोन दिवस गप्प होत्या ते मी अजून विसरले नाही. वी बाजारात आला त्याच वर्षी सुरुवातीची बारीक दोरी तुटते म्हणून कंपनीला सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या, पुढे रिमोटला रबरी कव्हरपण फुकट दिलं. जुना वी घेत असाल तर दोरी जाड आहे ना आणि तिची गाठ घट्ट आहे ना हे मशीन चालू करून बघायच्या आधी बघा. आणि गोव्याची हवा दमट, हात घामेजतातच, जवळ एक पंचा ठेवा आणि प्रत्येक गेमनंतर हात पुसा.

प्रश्न : आमच्याकडे वी आहे, दुपारी एकदम छान चालतो पण संध्याकाळी सात वाजले की पडद्यावरचा तो हाताचा पंजा थरथरायला लागतो, कधी गायबच होतो. म्हापशात एकाला दाखवला त्याने रिमोट गेला म्हणून सांगितलं, नवा घेतला तरी तेच. लोक म्हणतील वेडी आहे पण खरंच फक्त संध्याकाळीच होतं.
— एक वाचक, म्हापसा

बाई गं, तू अजिबात वेडी नाहीस, आणि नवा रिमोट घ्यायला लागला याचं मला मनापासून वाईट वाटलं. मला एकच सांग, तुमचा देव्हारा टीव्हीच्या बाजूलाच आहे का? आणि सात वाजता समई लावता का? माझी खात्री आहे हो म्हणशील.

टीव्हीवर जी लांबट पट्टी ठेवतात तिला सगळे सेन्सर बार म्हणतात पण ती काहीच सेन्स करत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी आहेत, ते नुसते जळत राहतात, बस. बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात आहे, त्या काळ्या काचेमागे. त्याला दोन उजेडाचे पुंजके दिसले की त्यावरून तो ठरवतो की रिमोट पडद्यावर कुठे रोखलाय. आता ज्योतीतून इन्फ्रारेड भरपूर निघतं, म्हणून तुमची समई त्या कॅमेऱ्याला तिसरा पुंजका वाटते, दोन वाती असतील तर चौथा, आणि ज्योत हलते म्हणून पंजा थरथरतो. उलट बाजूने बघितलं तर याच कारणाने सेन्सर बार बिघडलेली माणसं टीव्हीच्या दोन बाजूंना दोन मेणबत्त्या लावून वी चालवतात, आणि तो चालतो, मी स्वतः एका पावसाळी रात्री करून बघितलंय.

देवापुढचा दिवा विझवून खेळा असं मी सांगणार नाही. पट्टी टीव्हीच्या खाली असेल तर वर लाव, सेटिंगमध्ये वर की खाली ते विचारतं तिथे बदल, आणि तिथेच सेन्सिटिव्हिटी आहे ती थोडी कमी कर म्हणजे बारीक उजेड त्याला जाणवणार नाही. समई आणि टीव्ही यांच्यामध्ये एखादा पुठ्ठा किंवा लाकडी फळी उभी केलीस, ज्योतीपासून जरा लांब हं, तरी काम होतं, कारण रिमोटला समई दिसायला नको एवढंच आहे. दिवाळीच्या पणत्या, जुना पिवळा बल्ब, पश्चिमेचं ऊन, सगळ्यांचं हेच. फोटोफ्रेमच्या किंवा चकचकीत लॅमिनेटच्या युनिटच्या काचेतून पट्टीचंच प्रतिबिंब दिसलं तरी पंजा उड्या मारतो, तेव्हा युनिटवर एखादं कापड घालून बघ.

पट्टी चालू आहे का नाही ते घरच्या घरी कळतं. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून पट्टीसमोर धर, डोळ्याला अंधार दिसतो पण पडद्यावर जांभळट ठिपके दिसतील. मागच्या कॅमेऱ्यात कधीकधी दिसत नाहीत, तिथे फिल्टर असतो. हे दुकानदाराने पाच मिनिटांत बघायला पायजे होतं.

प्रश्न : मडगावला पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. खालच्या काकांची तक्रार की तुमची मुलगी नाचते तेव्हा आमचं झुंबर हलतं. तिला जस्ट डान्स हा नाचाचा गेम फार आवडतो, शाळेतून आली की तेच. काकांशी संबंध बिघडवायचे नाहीत.
— एक आई, मडगाव

शाळेतून आली की म्हणजे दुपारी दीड-दोनला ना? तिथेच सगळं आलं. मडगावात त्या वेळेला दुकानं बंद, माणसं नुस्तें-शीत जेवून आडवी झालेली, आणि वरून धाड धाड. काकांच्या जागी मी असते तर मीपण वर आले असते. चारपर्यंत गेम नाही हे मुलीला सांगा, आणि स्वतः खाली जाऊन काकांना सांगून या की आम्ही वेळ बदललीय, घरात काही गोड केलं असेल तर थोडं घेऊन जा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

उरलेल्या निम्म्यासाठी एक गोष्ट मुलीला समजावून सांगा जी बहुतेक मुलांना माहीत नसते. जस्ट डान्स स्विचवर किंवा फोनवर खेळताना मार्क फक्त ज्या हातात कंट्रोलर आहे त्या हाताच्या हालचालीला मिळतात, पाय काय करतात ते त्याला दिसतच नाही. उडी मारली काय आणि गुडघ्यात नुसतं वाकलं काय, स्कोअर तोच. तेव्हा उडीच्या जागी टाचा उचलायच्या, नाच छान दिसतो आणि स्लॅबपण हलत नाही. रिंग फिटमध्ये तर यासाठी सायलेंट मोडच ठेवलाय, जागेवर धावायच्या ऐवजी गुडघे वाकवायचे.

मॅट घालाच पण मॅटने सगळं थांबेल अशी आशा ठेवू नका, मॅट टाचांचा टकटक आवाज खाते, पण उडीचा जो खालचा दणका असतो तो स्लॅबमधूनच जातो. जाड इव्हीए फोमच्या जोडायच्या लाद्या त्यातल्या त्यात बऱ्या. गालिचा नको, व्हिट्रिफाइड टाइल्सवर तो सरकतो आणि पोर तोंडावर पडतं. मोजे घालून तर अजिबात नको, अनवाणी. आणि फोन कंट्रोलर म्हणून वापरत असाल तर त्याला मनगटाची दोरी असलेलं कव्हर घ्या, नुसता फोन हातात धरून नाचायला देऊ नका.

प्रश्न : चवथीला आमच्या डिचोलीच्या घरी सगळी भावंडं जमतात, पंधरा-सोळा माणसं. चौकीतच गणपती, वर माटोळी, म्हणजे रानफळं टांगलेली लाकडी चौकट, बांधलेली, आणि पुतण्यांना तिथेच टीव्हीवर टेनिस आणि बॉक्सिंग खेळायचं असतं. गेल्या वर्षी माटोळीतला आंबाड्यांचा घोस खाली आला. मुलांना नाही म्हणवत नाही, वर्षातून एकदा येतात. काय सुचवाल?
— एक काकू, डिचोली

काकू, तुमचं पत्र वाचून मला माझं माहेर आठवलं. माटोळी बांधायला आमचे बाबा आणि काका आदल्या दिवशी रानातून कवंडळं, कांगलं आणायचे, सुपारीचं शिपटं मधोमध, चिबूड एका कोपऱ्यात, आणि आम्ही खाली उभं राहून बोट दाखवायचो हे इकडे ते तिकडे. ती चौकट छताला सुंभाने बांधलेली असते, तिला धक्का लागून चालणार नाही, गणपती खालीच आहे. तेव्हा त्या खोलीत टेनिस नाही, बॉक्सिंग नाही, यात तडजोड करू नका, मुलांना कारण सांगितलं की ऐकतात.

त्याऐवजी बोलिंग लावा. हे मी उगीच सांगत नाही, प्रत्येक खेळाला हवेत वेगळी जागा लागते. टेनिसचा हात बाजूलाही जातो आणि डोक्यावरही जातो, बेसबॉलचा खांद्यावरून आडवा फिरतो, गोल्फ दिसतो शांत पण हात मागे वर खांद्याच्या पार जातो. बोलिंगचा हात नुसता मागून पुढे, कमरेच्या खालून, एका सरळ पट्टीत. दोन-अडीच फूट रुंद आणि पाच फूट लांब जागा असली की बोलिंग होतं, बाजूला माणसं बसलेली असली तरी चालतं, फक्त मागे कोणी नको आणि पुढे कोणी नको. आणि हा खेळ एका वेळी एकच माणूस खेळतो, एकच रिमोट हातोहात फिरवता येतो, म्हणून पंधरा माणसांच्या घरात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आमच्याकडे दोन संघ करतात, वाड्यावरचे आणि बाहेरून आलेले, आणि आरतीची वेळ होईपर्यंत चालू असतं. रिमोट पुढच्याला देताना दोरी आधी त्याच्या मनगटात जाईल आणि मगच तुम्ही सोडाल एवढं मोठ्या पुतण्याला नेमून द्या, लक्ष ठेवायचं काम दिलं की तो स्वतः दंगा करत नाही.

टेनिसचा हट्टच असेल तर टीव्ही एक दिवस वसरीत न्या, पाऊस नसेल तेव्हा. वीवर हे पण बघा की वी स्पोर्ट्समधलं टेनिस मनगटाच्या लहानशा झटक्यानेसुद्धा खेळता येतं, खुर्चीत बसून. मोठा हात फिरवला म्हणून बॉल जोरात जाईलच असं नाही, झटका वेळेवर बसायला पायजे. हे मुलांना एकदा दाखवून दिलं की निम्मे हातवारे आपोआप कमी होतात.

थोडक्यात काही

पर्वरीच्या एका मुलाने विचारलंय की व्हीआरचा चष्मा घेतोय, खोली नऊ बाय नऊ, कॉट आणि टेबल आत, चालेल का. उभं राहून फिरायचे गेम खेळायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जमीन लागते, म्हणजे साडेसहा फूट दोन्ही बाजूंनी, ती तुझ्याकडे कॉट असताना नाही. जागेवर उभं राहून किंवा बसून खेळायचे गेम घे, ते भरपूर आहेत. एक लक्षात ठेव बाळा, तू जमिनीवर जी हद्द आखतोस ती भिंतीसारखी उभी असते, वरच्या पंख्याचं तिला काही माहीत नसतं. आणि चष्मा खिडकीत ठेवू नकोस, भिंगातून ऊन आत गेलं तर आतला पडदा जळतो.

वास्कोच्या एका वाचकाचा उजवा खांदा दोन दिवस दुखतोय, रविवारी चार तास टेनिस खेळले म्हणतात. असंच एक प्रकरण २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं होतं, २९ वर्षांचा धडधाकट माणूस, वीवर टेनिस खेळून खांद्याच्या मागच्या स्नायूचा कंडरा सुजला, खेळ पूर्ण बंद ठेवायला सांगितला. खऱ्या टेनिसमध्ये रॅकेटचं वजन आणि बॉलचा मार हात थांबवतो, इथे थांबवणारं काहीच नाही, म्हणून माणूस चार तास खेळतो. आठवडाभर विश्रांती घ्या, तरी दुखलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पुढे वीस मिनिटं झाली की रिमोट दुसऱ्याच्या हातात.

पेडण्याहून विचारलंय की जॉय-कॉनचा संपर्क मध्येच तुटतो, हात हलवला तरी पडद्यावर काही नाही. तुम्ही लिहिलंय की स्विच फिश टँकच्या मागे ठेवलाय. तिथून काढा. ब्लूटूथचा सिग्नल पाण्यात शोषला जातो, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटातपण अडतो. उघड्यावर, समोर ठेवा. बॉल एकाच बाजूला ओढला जात असेल तर जॉय-कॉन सपाट टेबलावर ठेवून सेटिंगमधून मोशन कंट्रोल कॅलिब्रेट करा, हातात धरून करू नका.

काणकोणच्या ताईंचा रिमोट पावसाळ्यानंतर चालूच होत नाही. जून ते सप्टेंबर खेळणार नसाल तर पेन्सिल सेल काढून ठेवायचे हो, आपल्या दमट हवेत ते पाझरतात. आता सेलच्या घरातली पत्र्याची टोकं बघा, पांढरट-हिरवट काही साचलं असेल तर कापसाच्या काडीवर दोन थेंब व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरड्या काडीने पुसा, अर्धा दिवस वाळू द्या आणि नवे सेल घाला. बऱ्याचदा रिमोट जिवंत होतो.

प्रश्न : आमची आजी ७८ वर्षांची, वाळपईला घरी असते. नातवंडांचं बोलिंग रोज बघते, काल हळूच म्हणाली मला पण दे गं एकदा. गुडघे दुखतात, उभं राहवत नाही फार. द्यावं का? पडली बिडली तर?
— एक नात, सत्तरी

द्या, आजच द्या. बसून खेळता येतं, आणि बोलिंगला तर बसून काहीच अडत नाही. हात नसलेली खुर्ची घ्या, जेवणाच्या टेबलाची असते तशी, नाहीतर कोपर खुर्चीच्या हातावर आपटेल. प्लास्टिकची हलकी नको, टाइल्सवर सरकते, लाकडी जड घ्या आणि भिंतीला टेकवून नाही तर भिंतीपासून दीड हात पुढे ठेवा कारण हात मागे जायला पायजे. टीव्हीपासून चार-पाच फूट पुरे. दोरी घालताना बघा, म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, बांगड्यांच्या वर जरा सैल अडकवा.

आजींना अडतं ते हात फिरवण्यात अडत नाही, बटण सोडण्यात अडतं. वीवर खालचं बी बटण दाबून धरायचं आणि हात पुढे आला की सोडायचं, त्या बहुतेक दाबूनच ठेवतात आणि बॉल हातातच राहतो. म्हणून आधी गेम न लावता नुसतं बटण दाबायला आणि सोडायला द्या, दहा-बारा वेळा, 'सोड' म्हणून तोंडाने सांगत. माझ्या सासूबाईंना तिसऱ्या दिवशी जमलं, त्या कपबशांच्या प्रकारानंतर त्यांनी वर्षभर रिमोटला हात लावला नव्हता, आणि त्या दिवशी नऊ पिन पडल्या तर म्हणाल्या दहावी का राहिली, परत टाकते. आजींच्या किती पडल्या ते मला नक्की कळव.